हातांना काय आवडतं?

विल राइट नावाचा एक अमेरिकी तरुण १९८४च्या सुमारास एक खेळ बनवत होता. हेलिकॉप्टर उडवायचं, समुद्रातल्या बेटांवरचे कारखाने हेरायचे आणि बॉम्ब टाकून ते उद्ध्वस्त करायचे. ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ हे त्याचं नाव. बॉम्ब टाकायचे तर आधी बेटं हवीत. म्हणून राइटने स्वतःच्या सोयीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात किनारे वळवता येत, रस्ते आखता येत, इमारती मांडता येत. खेळ पूर्ण होऊन बाजारात गेला, तरी राइट त्या बेटं बनवायच्या प्रोग्राममध्येच रमलेला. पाडण्यापेक्षा मांडण्यात त्याला जास्त गंमत वाटत होती. आपले हात पुन्हा पुन्हा कुठे वळतात हे त्याच्या वेळीच लक्षात आलं, आणि व्हिडिओ गेमची एक अख्खी शाखा तिथून फुटली.

त्या प्रोग्राममध्ये त्याने वाहतूक, कर, प्रदूषण, गुन्हेगारी असं एकेक भरायला सुरुवात केली. शहरं कशी वाढतात आणि कशी सडतात याचं गणित मांडणाऱ्या जे फॉरेस्टर यांचं लेखन वाचून काढलं. १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ आला. त्याआधी प्रकाशकाने नाक मुरडलं होतं: या खेळात माणूस जिंकतो कधी? जिंकत नाहीच, हे त्याचं उत्तर. वीज, रस्ते, पोलीस चौक्या सांभाळत बसायचं, म्हणजे पगाराविना नगरपालिका चालवायची. आणि लोक रात्ररात्र जागून ती चालवू लागले. पुढे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि राइटचं घर जळून गेलं. पुन्हा संसार उभा करताना कुठली वस्तू आधी घ्यावी, कुठली नसली तरी चालेल, याचा विचार करता करता त्याला पुढचा खेळ दिसू लागला. सुरुवातीला तो घर बांधण्याचा खेळ होता; त्यातली चिमुकली माणसं फक्त घर बरं जमलंय की नाही हे सांगण्यापुरती. बघता बघता घरापेक्षा माणसंच जास्त मनोरंजक निघाली. २००० साली आलेल्या ‘द सिम्स’ची ही जन्मकथा.

व्हिडिओ गेमच्या जॉनरचं सगळं गुपित मला या एका हकिकतीत सापडतं. सिनेमा कुठल्या जातीचा हे त्याच्या गोष्टीवरून ठरतं: रहस्यपट, भयपट, प्रेमकथा. खेळाची जात ठरते खेळणाऱ्याला काय करावं लागतं यावरून. विटीदांडू आणि सागरगोटे यांत कथानकाचा कसला फरक? फरक आहे तो हातांच्या कामाचा. पडद्यावरही तेच. नेम धरा, उडी मारा, रचा, जुळवा, साठवा, लपा, शोधा, पटवा. कुठलाही जॉनर म्हणजे यांपैकी एखाद-दुसरी कृती तासन्‌तास करावीशी वाटेल इतकी घासूनपुसून लखलखीत केलेली.

खोक्यावर किंवा जाहिरातीत मात्र गोष्टीचं चित्र असतं, आणि नवखा माणूस तिथे फसतो. ‘मला अंतराळाची आवड आहे, अंतराळाचा एखादा गेम सांगा’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या पदरात काय काय पडू शकतं बघा. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घेतला तर घाम फोडणारी नेमबाजी. १९८४चा ‘एलीट’ घेतला तर ग्रहाग्रहांवर माल स्वस्तात उचलून महाग विकण्याचा धंदा. केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ३२ किलोबाइट मेमरीच्या संगणकात आठ दीर्घिका आणि त्यांतल्या प्रत्येकीत २५६ तारे बसवले होते! एवढी नावं साठवायला जागाच नव्हती. म्हणून एका आकड्यापासून सूत्राने पुढचं सगळं विश्व दर वेळी नव्याने काढायचं, आणि सूत्र तेच असल्यामुळे दर वेळी तेच विश्व निघायचं. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ घेतलात तर चक्क अग्निबाण बांधावे लागतील आणि कक्षांचं खरं भौतिकशास्त्र शिकावं लागेल. कक्षेत आपल्या पुढे असलेल्या यानाला गाठायचं तर वेग कमी करावा लागतो, कारण वेग कमी केला की यान खालच्या कक्षेत घसरतं आणि खालची फेरी लवकर पुरी होते. पुस्तकात वाचून न पटणारी ही गोष्ट इथे बोटांना पटते. ‘अमंग अस’ घेतलात तर यान नावापुरतं. खरा खेळ मित्रमंडळींवर आळ घेण्याचा आणि डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलण्याचा. आणि ‘आउटर वाइल्ड्स’ घेतलात तर एक इटुकली सूर्यमाला, जी दर २२ मिनिटांनी नष्ट होते आणि पुन्हा सुरू होते. त्यात ना शस्त्रं मिळतात ना शक्ती. जमा होतं ते फक्त ज्ञान. पाचही खेळ अंतराळाचे, पण एकाचा भक्त दुसऱ्याला कंटाळून उठेल.

मग हे जॉनर आले कुठून? कोणी बसून यादी केली नव्हती. पुष्कळदा यंत्राच्या कमजोरीतून ते अवतरले. जपानमध्ये टोमोहिरो निशिकाडो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पडद्यावर ५५ परग्रहवासी, अकरा-अकराच्या पाच ओळी, डावीकडून उजवीकडे सरकत खाली उतरणारे. त्या काळच्या प्रोसेसरला एवढ्यांना हलवताना धाप लागायची. पण खेळणारा एकेकाला टिपत गेला की हलवायचे जीव कमी व्हायचे, यंत्राचं ओझं उतरायचं आणि उरलेले भराभर धावू लागायचे. शेवटचा एकटा तर सैरावैरा. निशिकाडो यांनी हे पाहिलं आणि तसंच ठेवलं. जसजसे तुम्ही जिंकत जाल तसतसा खेळ कठीण होत जाईल, हा आज सगळीकडे गृहीत धरलेला नियम असा प्रोसेसरच्या दमछाकीतून पुढे आला.

असे प्रसाद आणखीही आहेत. ‘स्ट्रीट फायटर टू’ची १९९१ मध्ये तपासणी चालू असताना एका निर्मात्याच्या लक्षात आलं की अचूक वेळ साधली तर एका ठोशात दुसरा ठोसा गुंफता येतो आणि समोरच्याला सावरायला वाव मिळत नाही. ही चूकच होती. पण इतकी अचूक वेळ कोण साधणार, असं म्हणून ती तशीच राहू दिली. पोरांनी साधली. आज ‘कॉम्बो’ नसलेल्या मारामारीच्या खेळाची कल्पनाही करवत नाही. १९९९च्या ‘सायलेंट हिल’मध्ये लांबचे रस्ते, इमारती रेखाटणं प्लेस्टेशनला झेपत नव्हतं; ते झाकायला गावभर धुकं पसरलं, आणि त्या धुक्यानेच खेळणाऱ्यांची झोप उडवली. भयाच्या खेळात दिसणाऱ्या राक्षसापेक्षा न दिसणारी दहा पावलं जास्त छळतात.

काही जॉनर मात्र माणसांच्या खाजगी वेडातून आले आहेत. विल क्राउथर हा प्रोग्रामर गुहा धुंडाळणारा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाचं प्रचंड गुहाजाल आहे. त्याचे नकाशे बनवण्यात त्याचा आणि त्याच्या पत्नीचा हात होता. घटस्फोट झाला, मुली दुरावल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्याने त्यांच्यासाठी एक खेळ लिहिला, ज्यात चित्र एकही नव्हतं. ‘तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात’ असं पडद्यावर उमटायचं, आणि आपण ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाचे शब्द टंकायचे. गुहेची रचना खरीखुरी, मॅमथ केव्हच्या एका भागावरून घेतलेली. डॉन वुड्स या दुसऱ्या प्रोग्रामरने १९७७ मध्ये त्यात आणखी खजिने आणि जादू घातली. खेळाचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’, आणि त्याच नावाने पुढे सगळी जातकुळी ओळखली जाऊ लागली. दार बंद आहे, किल्ली दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि डोकं चालवल्याखेरीज पुढे जाता येत नाही: आजचे कितीतरी शोधखेळ हेच दार पुन्हा पुन्हा उघडतायत.

सर्वांत लांब वंशावळ आहे ती रोल प्लेइंग गेमची, आणि तिचं मूळ थेट भारतात पोचतं. दीड हजार वर्षांपूर्वी इथे चतुरंग खेळला जात होता: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. तो इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला, त्याचं बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइग इथल्या योहान हेलविग या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर-नद्या घातल्या आणि युद्धकला शिकवायचा खेळ केला. पुढे प्रशियातल्या राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटी पुसून खऱ्या नकाशावर सोंगट्या मांडल्या. नशिबासाठी फासे आणि निवाड्यासाठी एक पंच ठेवला. १८२४ पासून प्रशियाचे अधिकारी तो खेळून लढाया शिकू लागले. शतकभराने हे सगळं छंद म्हणून घराघरांतल्या टेबलांवर आलं.

आणि मग १९७०च्या आसपास अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन या हौशी खेळाडूने एक साधा बदल केला. फौज नको, प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा. तो माणूस लढाई संपली तरी मरेपर्यंत तुमचाच. दर डावात थोडा शहाणा, थोडा बळकट होत जाणारा. गॅरी गायगॅक्सबरोबर त्याने १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. चतुरंगातलं एक प्यादं पटावरून उठलं आणि त्याला नाव, गाव, स्वभाव मिळाला, असं मला वाटतं. वर्षभरात अमेरिकी विद्यापीठांतल्या मोठ्या संगणकांवर याच्या नकला उगवल्या. इलिनॉय विद्यापीठातल्या एका खेळाच्या फाइलचं नाव होतं ‘पीएडिट५’. अभ्यासाच्या कामासाठी राखलेल्या जागेत तो लपवला होता, म्हणून असलं नीरस नाव. व्यवस्थापकांनी तरीही तो पुसून टाकला. जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि तिथून हा प्रकार जगभर पसरला. आज फोनवरच्या व्यायामाच्या अ‍ॅपमध्येसुद्धा ‘तुम्ही पाचव्या लेव्हलला पोचलात’ असं येतं, ते याच घराण्याचं देणं.

याच घराण्यातून एक विक्षिप्त भाऊ निघाला. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांना असा खेळ हवा होता, जो बनवणाऱ्यालाही दर वेळी नवा वाटेल. त्यांनी ‘रोग’ लिहिला. भुयार दर खेपेला संगणकच नव्याने खणतो. चित्रं नाहीत, राक्षस म्हणजे इंग्रजीची मोठी अक्षरं, प्रत्येकाचं एक, आणि ई-मेलच्या पत्त्यात येतं ते ‘@’ चिन्ह म्हणजे तुम्ही. मेलात की सगळं गेलं, पहिल्यापासून सुरू. ऐकायला हे क्रूर वाटतं. पण आधीची कमाई काहीच उरत नाही तेव्हा उरतं ते फक्त तुमचं शहाणपण, आणि ते वाढताना स्पष्ट जाणवतं. या प्रकाराला आजही ‘रोगलाइक’ म्हणतात. २०२४ मध्ये कॅनडातल्या एका निर्मात्याने स्वतःचं नाव गुलदस्त्यात ठेवून आणलेला, पत्त्यांच्या पोकरवर बेतलेला ‘बलाट्रो’ याच जातीचा. ‘एकच डाव’ म्हणून बसलात तर चहा थंड झालाच म्हणून समजा.

उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळांना प्लॅटफॉर्मर म्हणतात. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या डब्यात कॅसेट खोचून ज्यांनी ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळलाय त्यांना हे शिकवायला नको. (त्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सहा खेळ नावं बदलून यायचे.) तेव्हा लक्षात न आलेली गोष्ट अशी, की १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला पडदा हा एक मूक शिक्षक आहे. मारिओ डावीकडे, समोर मोकळी जागा, म्हणजे जायचं उजवीकडे. थोडं गेलं की एक रागीट बुटका चालत येतो. उडी मारली नाही तर मेलात. पण सुरुवातच असल्याने फारसं नुकसान नाही. वर चमकणारा ठोकळा, त्याला डोकं आपटलं की नाणं. सूचनेचा एक शब्दही नसताना अर्ध्या मिनिटात सगळा खेळ शिकवून होतो.

या जॉनरमधली लबाडी तर मला फार आवडते. २०१८च्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाऊल पुढे पडल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळ उडी मारायची मुभा असते. पाय हवेत, तरी उडी लागते. खेळणाऱ्याला वाटतं, काय वेळ साधली मी! खरं तर खेळानेच डोळेझाक केलेली असते. निर्माते याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्याबाहेर धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून.

कोड्यांच्या खेळांत ‘टेट्रिस’च्या पुढे जाणं अवघड. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात १९८४ मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी तो लिहिला. पाच चौकोनांच्या तुकड्यांचं एक लाकडी कोडं त्यांना प्रिय होतं; संगणकासाठी त्यांनी पाचाचे चार केले, तेव्हा तुकडे उरले सात. यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवले. पडदा क्षणात भरून जायचा, म्हणून भरलेली ओळ नाहीशी करायची युक्ती. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला: दिवसा टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागताना ठोकळे पडताना दिसतात. त्यांत स्मृतिलोपाचे रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलो हेही त्यांना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांच्यातल्या काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढे तेच आकार खाली येत होते.

रेसिंग आणि क्रीडाखेळांबद्दल फार सांगायला नको, नावातच सगळं आलं. नेमबाजीचेही दोनच शब्द: १९९३च्या ‘डूम’नंतर असे खेळ इतके आले की काही वर्षं त्यांना ‘डूमच्या नकला’ एवढंच नाव होतं, आणि ‘पबजी’ची जात निघाली ती एका सैनिकी खेळात हौशी माणसाने केलेल्या बदलांतून. खेळणाऱ्यांनीच जॉनर घडवल्याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे ‘डोटा’. ‘वॉरक्राफ्ट थ्री’ या लढाईच्या खेळाबरोबर नकाशे बनवायचं साधन मिळायचं. त्यातून हौशी लोकांनी, फुकट, एकमेकांच्या कामात भर घालत वेगळाच खेळ रचला: पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाचा एक वीर, एकमेकांच्या गडावर चढाई. त्याच्या वारसाच्या २०२१च्या जागतिक स्पर्धेत एकूण बक्षिसं ४ कोटी डॉलरहून जास्त होती.

आता तुमचं काय? रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ नंतर रॉय ट्रबशॉ यांच्यासह अनेकांनी मिळून खेळायचं पहिलं शब्दविश्व उभारलं, आणि १९९६ मध्ये खेळणाऱ्यांच्या चार जाती सांगितल्या, पत्त्यांच्या चार रंगांत. चौकट म्हणजे कमाई करणारे, इस्पिक म्हणजे खणून शोधणारे, बदाम म्हणजे माणसांत रमणारे आणि किलवर म्हणजे दुसऱ्याला नमवण्यात सुख मानणारे. मांडणी सुरेख आहे, पण माणूस इतका एकरंगी नसतो. ऑफिसातून चेंगरत आलेल्या संध्याकाळी इस्पिकवाल्यालाही नुसती फुलझाडं लावावीशी वाटतात. त्यापेक्षा मी राइटसारखी चोरटी नजर ठेवायला सांगेन. काम संपल्यावरही तुमचे हात काय करत राहतात?

कपाट आवरायला घेतलं की भान हरपतं? मग ‘फॅक्टोरिओ’सारखे कारखाने रचण्याचे खेळ तुमची वाट बघतायत, आणि सुट्टीचा दिवस ते गिळणार हे आधीच सांगून ठेवतो. लोकलचा नकाशा बघण्यात सुख वाटतं त्यांच्यासाठी ‘मिनी मेट्रो’ आहे; त्यात एक नकाशा मुंबईचाही आहे. शब्दकोडं सुटेपर्यंत पेपर खाली न ठेवणाऱ्याने ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ घ्यावा: रिकामं परतलेलं जहाज, ६० माणसं, आणि प्रत्येकाचं नाव व नशीब तुम्ही तर्काने शोधायचं. कुंडीत नवी पालवी आली की घरभर बोलावून दाखवणाऱ्यांना ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून त्यातली चित्रं, संगीत आणि संवाद सगळं स्वतः केलं. वाचनाचं वेड असेल तर ‘डिस्को एलिझियम’, ज्यात तलवार एकदाही उपसावी लागत नाही, पण नायकाच्या डोक्यातले चोवीस आवाज एकमेकांशी भांडत राहतात. आपल्या मातीतली गोष्ट हवी असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ पाहा. दुर्गा आणि विष्णू त्याचे निवेदक आहेत. पण तो घेण्याआधी हात विचारा: त्यात त्रिशूळ चालवायचा आहे, भिंतीवर धावायचं आहे.

या यादीत फाशांचे खेळही धरा. ते कमी दर्जाचे, असं मानणारे असतात. मी मानत नाही. नशिबावर सोपवण्यात एक मोकळेपण असतं, आणि आजी, नातू, जावई एका पटावर बसू शकतात ते त्यामुळेच. पचिसी इंग्रजांनी नेली, तिचा लुडो झाला, आणि नवी मुंबईत बनलेल्या ‘लुडो किंग’ने तो २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या घरांत पुन्हा मांडला. पैसे लावून खेळायचे प्रकार मात्र मी या गप्पांतून बाहेर ठेवतो. तसेच ते ‘फुकट’ खेळ, जे मुद्दाम ताटकळत ठेवतात आणि वाट बघायचा कंटाळा आला की पाकीट उघडायला लावतात. त्यात हात कामच करत नाहीत, फक्त थांबतात.

हातांनंतर दुसरं बघायचं ते हरण्याचं. प्रत्येक जॉनर हरवतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. ‘डार्क सोल्स’ एकाच राक्षसाकडून वीसदा मारेल, आणि एकविसाव्यांदा तो पडला की काहीजण खोलीभर नाचतात, काहीजण त्याआधीच कंट्रोलर ठेवून देतात. दोन्ही बरोबर. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये हार पन्नास चालींआधी झालेली असते, कळते आज. कोड्यात हरणं म्हणजे नुसतं अडून बसणं, भाजी चिरताना उत्तर सुचेपर्यंत. कुठल्या पराभवानंतर पुन्हा बसावंसं वाटतं, ते स्वतःला विचारायचं.

चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदा कंट्रोलर हाती घेणाऱ्यांना एक सांगतो. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची, ही दुहेरी कसरत पोरांना येते म्हणून सोपी वाटते. ती सोपी नाही. बहुतेकजण इथेच छताकडे बघत भिंतीला धडकतात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून उठतात. खेळ आवडला नाही असं नसतं, हात बसलेला नसतो. तोवर पाळीपाळीने चाली करायचे खेळ घ्यावेत, ज्यांत घड्याळ तुमच्यासाठी थांबतं. नायकाच्या डोळ्यांतून बघायच्या खेळात मळमळतं का? डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, त्या भांडणाने तसं होतं. सेटिंगमध्ये दिसण्याचा कोन वाढवा, डोकं हलण्याचा परिणाम बंद करा, पडद्यापासून लांब बसा. अवघडपणाही पुष्कळ खेळांत कमी करता येतो. ‘सेलेस्ट’मध्ये तर खेळाचा वेगच उतरवता येतो. त्यात लाज कसली?

स्टीम या दुकानात घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करून पैसे मिळतात. माझ्या मते दोन तास पुरतात: गोष्ट रंगायला तेवढा वेळ कमी पडेल, हातांना मात्र पुरतो. शोधताना एक पथ्य पाळा, जॉनरचं नाव टाकण्याऐवजी एखाद्या आवडलेल्या खेळाचं नाव टाका आणि त्याच्यासारखे बघा. नावं खेळांच्या मागून धापा टाकत येतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या लुका गालांते या इटालियन निर्मात्याने २०२२ मध्ये ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ पूर्ण केला. त्यात शस्त्रं आपोआप चालतात, खेळणारा फक्त इकडून तिकडे पळतो, आणि तरीही हा जुन्या चित्रांचा स्वस्त खेळ पुढच्या वर्षी मोठमोठ्या स्टुडिओंना मागे टाकून बाफ्टाचा सर्वोत्तम खेळ ठरला. त्याच्यासारखे कितीतरी खेळ तेव्हापासून आलेत. त्या प्रकाराला काय म्हणायचं यावर मात्र अजून वाद चालू आहेत.